घरशाळेतलं दुसरं डोकं

पट्टा बिघडलेला आहे, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. बिघडलेलाच असणार! माझ्या मुलीला सावलीसारखी साधी गोष्ट समजत नाही असं जर तो म्हणत असेल, तर दोष मुलीचा नाही, आणि माझा तर नाहीच नाही. नाचता येईना अंगण वाकडं असं कोणी मला म्हटलं असतं, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

जळगावात आमच्या कॉलनीत कोणालाही विचारा, देवरे मॅडमचं घर कुठलं. रिक्षावालासुद्धा आणून सोडेल. पंधरा वर्षं मी घरच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून स्कॉलरशिपचा क्लास घेते. भिंतीवर पास झालेल्या पोरांचे फोटो आहेत, नवीन लावायला आता जागा नाही. माझी पद्धत ठरलेली: एक नियम, दहा उदाहरणं, आणि मग मी विचारते, "समजलं?" पोरं एका सुरात ओरडतात, "होऽऽऽ!" तो हो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू जातो. दुकानदार म्हणतो, मॅडम, तुमचा क्लास सुटला की मला घड्याळ बघावं लागत नाही.

हल्ली एप्रिलमधल्या सगळ्यात वाईट आठवड्यात शाळा बंद ठेवतात. ऊनच तसं आहे. सकाळी नऊनंतर पोरांना रस्त्यावर आणायचं म्हणजे भाजायला ठेवण्यासारखं. त्या आठवड्याला शाळेनं नाव दिलंय घरशाळा. प्रत्येक मुलाला एक पिशवी मिळते. रोजचं एक कार्ड, त्यावर घरात करायचा एक उद्योग. सावली मोजा, पापड लाटताना गणित करा, घराचा नकाशा काढा, असलं काहीबाही. दरवर्षी मी ते कार्ड वाचायची, उत्तर सांगायची, माझी मुलगी ऋजू लिहायची. अर्ध्या तासात आठवडा आटपायचा.

यंदा ती पाचवीत, आणि पिशवीत पट्टाही निघाला. डोक्याला बांधायचा, कापडी, मऊ, आणि कपाळावर येईल असा एक बारीक मणी.

शाळेचे सोनवणे सर पालकसभेत त्याबद्दल बोलले होते. आपल्याला एखादी गोष्ट कळते, खरोखर कळते, तेव्हा उजव्या कानशिलाच्या वर मेंदूत क्षणभर एक लहर जोरात उसळते. तिच्या जोडीला बाकीच्या लहरी एक विशिष्ट वळण घेतात. पूर्वी हे बघायला दवाखान्यातलं मोठं यंत्र लागायचं, डोक्याला चिकट मलम फासावं लागायचं. आता कापडाच्या धाग्यांतच ते टिपणाऱ्या तारा विणतात. लहर उसळली की मणी हिरवा चमकतो, आणि नोंद शाळेत जाते. पाठ केलं तर चमकत नाही. मान डोलावली तर चमकत नाही. पोरांनी त्याचं नाव एका दिवसात काजवा करून टाकलं.

"याला मार्क नाहीत," सर म्हणाले होते. "फक्त कोणाला सहावीत जास्त वेळ द्यायला हवा, ते आम्हाला कळेल. ती मुलं आम्ही पाया तुकडीत घेऊ. तिथे मुलं कमी असतील, शिकवणं सावकाश असेल."

पाया तुकडी! म्हणे सावकाश! तिचं नाव गावात काय पडणार हे मला तिथेच दिसलं. आणि देवरे मॅडमची मुलगी त्या तुकडीत गेली, तर माझ्या सतरंजीवर कोण बसायला येणार होतं?

म्हणून गेल्या सोमवारी मी ऋजूला समोर बसवलं, काजवा बांधला आणि सावलीचं कार्ड वाचलं. गॅलरीत काठी उभी करा, दिवसभर सावलीच्या टोकावर खडूनं खुणा करा. घड्याळात बारा वाजतात तेव्हाच सावली सर्वात लहान असते का?

"सोपं आहे," मी म्हटलं. "सकाळी लांब, दुपारी आखूड, संध्याकाळी परत लांब. बाराला सूर्य डोक्यावर, म्हणून बाराला सर्वात आखूड. समजलं?"

"हो," ऋजू म्हणाली.

मणी काळाच.

"नीट लक्ष दे. समजलं?"

"हो, आई."

काळाच. मी पट्टा काढून झटकला, परत बांधला, तिसऱ्यांदा सांगितलं, आवाज जरा चढवून. ऋजूनं तिसऱ्यांदा हो म्हटलं. तिची ओंजळ मांडीवर घट्ट मिटलेली होती. मी म्हटलं, जाऊ दे, सरकारी माल.

मंगळवारी संध्याकाळी क्लासची पोरं आली. सगळ्यांच्या कपाळावर काजवे. आठवडाभर काढायचे नाहीत असं सांगितलं होतं ना. मी मुद्दाम माझा हातखंडा धडा काढला, अपूर्णांकांचा भागाकार. या धड्यावर माझं नाव झालेलं आहे. "भागायचं असेल तर काय करायचं? दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं! उलटा करा, गुणा करा!" पोरं तालात म्हणतात. दहा उदाहरणं सोडवली. एकाचंही चुकलं नाही.

"समजलं?"

"होऽऽऽ!"

सतरंजीवर अकरा कपाळं होती, आणि अकराही काळी.

नेमक्या त्याच वेळी दारात कोल्हे वहिनी उभ्या, मंदारला न्यायला आलेल्या. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घाईघाईनं म्हटलं, "उद्यापासून क्लासमध्ये पट्टे काढून ठेवायचे रे. घामानं खराब होतात." मंदार म्हणाला, "पण मॅडम, सर म्हणाले होते घामाला काही होत नाही." त्याला मी असं काही दटावलं की बिचारा चप्पल उलटी घालून गेला.

बुधवारी सकाळी सोनवणे सरांचा फोन आला. मला वाटलं, पट्टा बदलून देतील.

"मॅडम, ऋजुताच्या नोंदी बघत होतो. तुम्ही सकाळी तिच्याजवळ बसता का?"

"बसते म्हणजे काय, शेजारी बसून करून घेते!"

"हं. आणि दुपारी बाराच्या पुढे?"

"तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. पोळ्या करते."

"तेव्हा तिचा काजवा चमकतो," सर म्हणाले. "दोन्ही दिवस. सकाळी मात्र अजिबात नाही. मॅडम, राग मानू नका. मूल धास्तावलेलं असलं की मेंदू स्वतःला सांभाळण्यातच गुंततो. त्या वेळी नवीन काही आत शिरत नाही. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं."

"माझ्या मुलीला कसली धास्ती?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

राग तर इतका आला होता, सांगते! पण त्या दिवशी पोळ्या करता करता मी गॅस बंद केला आणि अनवाणी हॉलच्या दाराशी गेले. माझ्याच घरात मी चोरासारखी उभी होते.

ऋजूनं डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता. गॅलरीच्या उन्हात ती पळत जायची, फरशीवर सावलीच्या टोकाशी खूण करायची, पळत आत यायची. मग पडदा ओढून अंधार केला, देवघरातला नारळ घेतला, त्यावर खडूनं दोन टिंबं काढली आणि टॉर्चसमोर नारळ हळूहळू फिरवायला लागली. आधी उजवीकडचं टिंब उजेडाच्या मधोमध आलं. मग थोड्या वेळानं डावीकडचं. तिनं नारळ थांबवला, परत फिरवला. "म्हणजे आपल्याकडे उशिरा पोचतो," ती स्वतःशीच म्हणाली, आणि अंधारात तिच्या कपाळावर हिरवा ठिपका लखकन चमकला. माझ्या मुलीचा असा चेहरा मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता.

"काय चाललंय?" मी विचारलं. खरंच, साध्याच आवाजात विचारलं.

नारळ हातातून सुटला. ठिपका विझला. ती झटकन उभी राहिली, हात मागे.

मग माझ्या विचारण्यावर तिनं अडखळत सांगितलं ते असं. फरशीवर तीन दिवसांच्या खुणा होत्या, आणि सर्वात आखूड सावली बाराला नव्हती, साडेबाराच्या सुमारास होती. कारण घड्याळ सगळ्या देशाचं एकच, आणि ते लावलंय तिकडे पूर्वेला, प्रयागराजच्याही पलीकडच्या रेषेवरून. सूर्य आधी तिथे डोक्यावर येतो. पृथ्वी आणखी वळते, तेव्हा आपली पाळी. जळगावला ऊन जवळजवळ अर्धा तास उशिरा माथ्यावर येतं.

मी आयुष्यभर पोरांना बारा सांगत आले होते.

"मग कार्डावर बारा का लिहिलंस?"

"तू सांगितलंस ना."

"अगं, पण चूक आहे हे कळलं तर मला सांगायचं नाही का?"

ऋजूनं फरशीकडे बघितलं. "तू चिडतेस," ती म्हणाली.

मी काय केलं असेल? तिला जवळ घेतलं असेल? छे! मी म्हटलं, "आणि देवाचा नारळ कोणी घ्यायला सांगितला तुला?"

गुरुवारी हेमंत, माझा नवरा, ऋजूला पहाटेच पोहायला घेऊन गेला. पाण्यात चालत नाही म्हणून पट्टा टेबलावर राहिला. मी एकटीच उडदाचे पापड करायला बसले होते. त्या दिवसाचं कार्डही पापडांचंच होतं. पट्टा समोर दिसत होता, आणि मला ती बुद्धी सुचली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शनिवारी सर नोंदी बघून तुकड्या पाडणार होते. ऋजूचे तीन-चार काजवे, बाकीच्यांचे पंधरा-वीस. मला तर पाचवीचं सगळं येतं. मी अर्धा तास पट्टा बांधला तर लखलखाट होईल, आणि कोणाच्या बापाला कळणार आहे?

बांधला. समोर स्टीलच्या डब्याचं झाकण टेकवून ठेवलं, कपाळ दिसावं म्हणून. आठवड्याची सगळी गणितं पटापट सोडवली.

मणी काळाच!

मी पिशवीतली माहितीची चिठ्ठी काढून चष्मा लावून वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं की जे आधीपासून माहीत आहे त्याला काजवा चमकत नाही. नवीन उमजतं त्या क्षणीच चमकतो. मला हसूच आलं. मला माहीत नाही असं पाचवीत काय असणार!

आणि मग पापडाचं कार्ड वाचलं. 'तीन लाट्या घ्या. एका मोठ्या पापडाला पाऊण लाटी लागते. किती पापड होतील? इथे अपूर्णांक उलटा करून का गुणतात, ते हातांनी करून दाखवा.'

उत्तर चार. ते तर झोपेतही सांगेन. पण का?

मी तीन लाट्या ताटात ठेवल्या आणि बघत बसले. का? नियम आहे म्हणून. नियम का? मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. पंधरा वर्षांत एका पोरानं विचारलं होतं, तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, परीक्षेत 'का' येत नाही.

शेवटी मी दोरा घेतला. पाऊण काढायची तर आधी पाव करायला हवेत. प्रत्येक लाटी दोऱ्यानं कापून चार पाव केले. तीन लाट्यांचे बारा तुकडे झाले. म्हणजे मी चारनं गुणलं की! पाऊण म्हणजे तीन पाव, म्हणून तीन-तीन तुकडे एकत्र केले. चार ढीग. म्हणजे आता तीननं भागलं! चारनं गुणलं, तीननं भागलं. चार तृतीयांश! कोणी काही उलटं केलंच नव्हतं. तो उलटा अपूर्णांक म्हणजे माझ्या हातांनी केलेली दोन कामं होती, आधी कापणं आणि मग गोळा करणं.

झाकणात माझ्या कपाळावर हिरवा ठिपका चमकला.

मी मोठ्यानं "अगंबाई!" म्हटलं. इतका आनंद झाला, काय सांगू! लहान पोरीसारखी ताटाभोवती टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. आणि लगेच दुसऱ्या क्षणाला दुसरंही लक्षात आलं. हे मला आत्ता कळलं. म्हणजे आजवर मला येत नव्हतं. न येणारी गोष्ट मी शेकडो पोरांना शिकवली, फोटो लावले, ऋजूला याच भागाकारावरून दिवाळीत रडवलं. घरात कोणी नव्हतं, तरी मी पदरानं तोंड पुसलं.

तेव्हा थांबायला हवं होतं. पट्टा काढून ठेवायला हवा होता. नाही थांबले. लाज वाटत होती आणि हावही सुटली होती. पुढचं कार्ड घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ निम्मंच का, शून्यानं का भागत नाहीत. कागद कापले, तांदूळ वाटले. स्कूटरचा आवाज येईपर्यंत काजवा सात वेळा चमकला, आणि सातही मी ऋजूच्या नावावर जाऊ दिले. पापडाचं पीठ तोवर सुकून गेलं होतं.

शुक्रवारी सरांचा फोन. आवाज खूश.

"मॅडम, तुमच्याकडे दुसरं मूल आलंय का हो सुट्टीला?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "का बरं?"

"ऋजुताच्या पट्ट्यावर काल सकाळी वेगळं डोकं दिसतंय. लहरींची प्रत्येकाची आपली चाल असते ना. जिन्यावर पाऊल वाजलं की घरातलं कोण आलं ते जसं आपण ओळखतो, तसं पट्टा ओळखतो. त्यानं आपणहून नवीन विद्यार्थी म्हणून नोंद केली. आणि मॅडम, काय शिकतंय ते पोर! अर्ध्या-पाऊण तासात सात वेळा. यातलं काहीच त्याला आजवर कोणी नीट समजावलेलं दिसत नाही, इतकंच वाईट वाटलं."

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "हो, म्हणजे... माझी भाची आली होती. नंदुरबारहून."

"वा! उद्या सकाळी तिलाही आणा. पापडाचा भागाकार तिनं सगळ्यांना करून दाखवावा असं मला वाटतं."

फोन ठेवून वळले तर ऋजू पाण्याचा पेला घेऊन उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"नंदुरबारची मेघनाताई कुठे आली होती?"

आता काय सांगायचं? तिला खाली बसवलं. म्हटलं, उद्या सरांनी विचारलं तर ताई परत गेली म्हणून सांगायचं. ती म्हणाली, पण ती आलीच नव्हती. मी म्हटलं, हो, नव्हती. मग पट्टा कोणी घातला? मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "मी घातला," मी म्हटलं. "तुझे काजवे कमी होते म्हणून."

"पण तो तर नवीन समजलं तरच चमकतो." ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "म्हणजे तुला पापडाचा भागाकार... तुला येत नव्हता?"

मी मान हलवली.

ऋजूच्या कपाळावर काजवा चमकला. माझ्याशी बोलताना, पहिल्यांदा. मला तिच्याकडे बघवेना. उठून मी उगाच नळ सोडला आणि धुतलेली भांडी परत धुवायला घेतली. "उद्या काय सांगायचं ते लक्षात ठेव," मी पाठमोरीच म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

आज शनिवार. ऊन चढायच्या आत, सकाळी साडेसहाला, शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमलो. पालक खुर्च्यांवर, पोरं पुढे चटईवर. माझ्या क्लासची निम्मी पोरं तिथेच होती. कोल्हे वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. सरांनी कोणी कोणी काय केलं ते कौतुकानं सांगितलं, ऋजूनं आल्याआल्या त्यांच्या कानावर घातलेलं नारळाचंही सांगितलं. मग म्हणाले, "आणि देवरे मॅडमकडे एक पाहुणी होती. ऋजुता, कुठे आहे तुझी ताई?"

ऋजू उभी राहिली. मी मनात म्हटलं, गेली म्हण. एवढंच म्हण.

तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. ती हसत होती. बातमी पोटात राहत नाही तेव्हा पोरं हसतात तशी.

"सर, ताई नव्हती. ती माझी आई होती!" ती म्हणाली. "आईला पापडाचा भागाकार येत नव्हता, आणि तिला एकटीला समजला! सात वेळा काजवा चमकला आईचा! माझासुद्धा एका दिवसात कधी सात वेळा चमकला नाही."

मग खुर्च्यांच्या रांगेतून माना वळल्या. एक वळली, मग दुसरी, मग सगळ्याच. चटईवरून माझी पोरं, माझी स्कॉलरशिपची पोरं, तोंड उघडं टाकून बघत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"मॅडम?" सर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता.

आणि मी हसले. कोल्हे वहिनींकडे बघून हसले. "काहीतरीच बोलते हो ही," मी म्हटलं. "तिच्या कल्पना! परवाच तर माझी भाची परत गेली."

लोक हसले. सुटल्यासारखे हसले. ऋजूच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र कुठे ठेवावं ते तिला कळेना. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग सरांकडे वळली.

"हो सर," ती म्हणाली. "मी गंमत केली." आणि खाली बसली. ओंजळ मांडीवर घट्ट मिटलेली.

माझं खोटं तिनं आपल्या डोक्यावर घेतलं होतं. भर सभेत. दहा वर्षांच्या पोरीनं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर कधी कुणापुढे मान खाली घातली नव्हती, म्हणून मला वाटायचं की लाज म्हणजे लोकांच्या नजरा. नव्हतं ते. सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा सहन झालं होतं. आता फक्त एकटी ऋजू माझ्याकडे बघत नव्हती, आणि ते सहन होईना.

मी उठले. "सर, गंमत नाही," मी म्हटलं. "ऋजू खरं बोलली. मी खोटं बोलले, आत्ता पण आणि काल पण. भाची नव्हती, मीच होते. अपूर्णांक उलटा का करतात ते मला येत नव्हतं. गुरुवारी कळलं." मग चटईवरच्या पोरांकडे बघितलं. "तुम्हालाही मी ते न कळताच शिकवलंय. मंदार, घामाचं तू बरोबर सांगत होतास. मीच उगाच ओरडले तुझ्यावर."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवाव्यात असं त्यात काही नव्हतंही. सरांनी नुसती मान डोलावली आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं. कोल्हे वहिनी आपली पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत राहिल्या, अगदी सभा संपेपर्यंत.

शेवटी तुकड्या वाचल्या. ऋजुता हेमंत देवरे, पाया.

बाहेर पडताना वहिनी म्हणाल्या, "मंदारचं आम्ही जरा बघतो हं, मॅडम." मी हो म्हटलं. दुसऱ्या दोन पालकांनी तर तेवढंही म्हटलं नाही.

ऊन लागायला लागलं होतं. स्कूटरपाशी ऋजू थांबली. तिनं माझा हात धरला नव्हता. मी तिला टोपी घातली, बंद बांधला, आणि तिच्यासमोर खाली वाकून बसले. माफी मागायची होती, पण कुठून सुरू करावी ते सुचेना. तीच बोलली.

"तू आधी असं का म्हणालीस? मी तर चांगलंच सांगत होते."

"हो गं. चांगलंच सांगत होतीस."

"मग?"

"मला लाज वाटली," मी म्हटलं.

"कसली?"

"एवढी मोठी असून मला येत नव्हतं त्याची. सगळे बघत होते ना."

तिनं विचार केला. टोपीच्या सावलीत तिचा चेहरा गंभीर झाला. आरोप नव्हता त्यात, राग नव्हता. एखादी गोष्ट जुळते का ते बघावं, तशी ती बघत होती.

"पोटात दुखल्यासारखं होतं ना?" तिनं विचारलं. "आणि हात गार पडतात?"

"हो," मी म्हटलं.

"मला रोज होतं," ऋजू म्हणाली. "तू शिकवायला बसलीस की."